काळी चारच्या तारा

बायकोच्या गळ्यातली गाठ काढली, त्यानंतर वर्षभराने मी बेस गिटार विकत घेतली. तोवर बेस गिटार म्हणजे काय हे मला धड ठाऊकही नव्हतं. ऑर्केस्ट्रात एक जण मागे उभा राहून लांब दांड्याची, चार तारांची गिटार वाजवतो, त्याच्याकडे कोणी पाहत नाही आणि तो काय वाजवतो तेही वेगळं ऐकू येत नाही, एवढीच माझी माहिती. माझं वय पंचावन्न, नोकरी चांदूर रेल्वेला एका सरकारी कार्यालयात, घर अमरावतीला, रोजचं अपडाऊन. अशा माणसाने नवीन वाद्याच्या भानगडीत पडू नये, असं घरात आणि ऑफिसात सगळ्यांनी सांगून पाहिलं. राग माझ्या नाकावर असतो आणि हट्ट त्याच्याही वर, त्यामुळे सांगणाऱ्यांचा नाइलाज झाला.

कारण साधं होतं. बायको गायची. आमच्या कॉलनीच्या विहारात जयंतीला सकाळी पाळणा म्हटला जातो, आणि तो गेली वीस-बावीस वर्षं तीच म्हणत आली होती. ती पुढे, महिला मंडळाच्या बाया मागे, आणि बाजूला मी ढोलकी घेऊन. तिची पट्टी काळी चार. पेटीची चौथी काळी पट्टी दाबली की जो सूर निघतो, तो तिचा सा. तिथून ती चढायची आणि वरच्या सुराला जाऊन अशी थांबायची, की मागच्या रांगेत गप्पा मारणारी माणसंही गप्प व्हायची. पेटीवाला कधी विचारत नसे. ती उभी राहिली की त्याचं बोट आपोआप काळी चारवर जायचं.

ढोलकी वाजवणाऱ्याला एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. गाणाऱ्याची पट्टी आधी, वाद्य नंतर. गाणाऱ्याने पट्टी सांगायची आणि आपण ढोलकी तिथवर ओढून न्यायची. गाणारा वाद्याकडे येत नसतो. माझ्या बापाने मला हे शिकवलं होतं आणि पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ तेच आहे.

गाठ थायरॉइडची होती. मोठी झाली होती, काढण्याशिवाय इलाज नव्हता. अकोल्याला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की आवाजाची नस गाठीला अगदी चिकटलेली दिसते, थोडा परिणाम राहू शकतो. आम्ही दोघांनी माना डोलावल्या. गाठीत काय निघतं याचीच धास्ती इतकी होती, की आवाज वगैरे नंतरचं नंतर पाहू असं झालं. गाठीत वाईट काही निघालं नाही. दोन महिने ती नुसती कुजबुजायची. मग बोलणं परत आलं, जरा जाडसर, पण आलं. गाणं मात्र आलं नाही. पोळ्या लाटताना एखादी ओळ सुरू करायची आणि मध्येच सोडून द्यायची. मी ढोलकी घेऊन बसलो की दुसऱ्या थापेलाच तिचा आवाज खाली दबून जायचा. हलक्या हाताने वाजवून पाहिलं, नुसत्या बोटांनी वाजवून पाहिलं. तिचा आवाज ढोलकीच्या पलीकडे पोचतच नव्हता, आणि तो पोचावा म्हणून मला काहीच करता येत नव्हतं.

अशात एका लग्नात ऑर्केस्ट्रा ऐकला. गाणारी मुलगी नाजूक आवाजाची होती, पण तिचं गाणं कुठे पडत नव्हतं. मी बराच वेळ पाहत राहिलो तेव्हा कळलं, की मागचा तो लांब दांड्याचा माणूस तिला खालून धरून आहे. तो तिच्यावर चढत नव्हता. ती थांबली की तोही थांबायचा. मला वाटलं, हेच पाहिजे. आमच्या भागातल्या एका गाण्याच्या पार्टीतला बेस वाजवणारा नोकरी लागून नाशिकला निघाला होता, त्याची जुनी गिटार आणि एक छोटा स्पीकर मी उचलून आणला.

बायकोने दारातच विचारलं, "हे आता काय आणलं बाप्पा?"

"तुह्यासाठी आणलं."

"मले कुठं येते वाजवता?"

"मले तरी कुठं येते," मी म्हणालो. ती हसली. ऑपरेशननंतर ती फार कमी हसायची, म्हणून मी त्यालाच शुभशकुन धरलं.

आता माझा शहाणपणा पाहा. गिटारवर बोट पुढे-मागे करून सूर बदलतात, हे मला दिसत होतं. पण माझी बोटं ढोलकीची. तार दाबली की ती दुसऱ्याच तारेवर पडायची, करंगळी तर ऐकतच नव्हती. मग मी विचार केला, सूर सगळे पाहिजेत कोणाला? तंबोऱ्याला कुठे बोटं ठेवतात? त्याला सा आणि पंचम लावून द्यायचे आणि नुसतं छेडत राहायचं. हिलाही तसंच करू. सगळ्यात जाड तार काळी चारला नेऊ, शेजारची तिच्या पंचमाला नेऊ आणि या दोनच वाजवू. एका रविवारी सकाळी पेटी उघडून बसलो आणि खुंटी पिळायला लागलो. जाड तार कुरकुरत का होईना, चढली. शेजारची अर्ध्यात आली आणि फटदिशी तुटून माझ्या मनगटावर बसली.

"काय फुटलं?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"काई नाई," मी म्हणालो. मनगटावर चांगला वळ उठला होता.

अमरावतीत मी तीन दुकानं पालथी घातली. ढोलक्या, पेट्या, बँडवाल्यांच्या पिपाण्या सगळं होतं, बेसच्या तारा नव्हत्या. एका दुकानदाराने साध्या गिटारची तार पुढे केली आणि म्हणाला, लावून तर पाहा, तारच ते. ती माझ्या दोन नखांत मावेल एवढी बारीक होती. मी त्याला चार शब्द सुनावले आणि बाहेर पडलो. नंतर वाटलं, त्याची तरी काय चूक.

अकोल्याला जायचंच होतं. बायकोची तपासणी होती. बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीने आम्ही दोघं गेलो. दवाखान्यात नंबर लांबचा होता. मी म्हणालो, "तू बस, मी तारा घेऊन येतो." ती म्हणाली, "जा." जठारपेठेत एक वाद्यांचं दुकान आहे, तिथे मिळतील असं कोणीतरी सांगितलं होतं. दुकानदार साठीचा, चष्मा कपाळावर ढकललेला, तबल्याला शाई लावत बसला होता.

"बेसच्या तारा पायजेत," मी म्हणालो.

"कोणत्या?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. त्याने काचेच्या कपाटातून चार-पाच पाकिटं काढून समोर ठेवली. सगळ्यांवर आकडे. चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. कशावर लाइट, कशावर मिडियम. काही तारा गुळगुळीत, काही खरखरीत. मी एकेक पाकीट उचलून खाली ठेवत होतो. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात वस्तू पुढे असताना तोंडातून शब्द न फुटण्याची ही माझी पहिलीच वेळ होती. शेवटी मला जे येत होतं ते मी बोललो. "बाईच्या आवाजाले चालतीन अशा द्या. काळी चारच्या."

दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर घेतला. "भाऊ, बेसले पट्टी नसते. ते काय तंबोरा आहे का? जशी आहे तशी लावा अन् बोट सरकवा. सगळ्या पट्ट्या निघतात."

"मले सगळ्या पट्ट्या करायच्या काय? आमच्या घरी एकच पट्टी आहे."

"अन् उद्या पट्टी बदलली त?"

"नाई बदलत," मी जरा जोरातच म्हणालो. "वीस वर्षं झाले, नाई बदलली."

तो माणूस भला होता. वाद घातला नाही. त्याने सांगितलं, की एवढी वर ओढायची असेल तर तार बारीक पाहिजे. जाड तार ओढली तर ती तरी तुटते, नाहीतर दांडा वाकतो. त्याने सगळ्यात बारीक तारांचा सेट काढला. वर हेही सांगितलं, की या तारा वरच बऱ्या, खाली उतरवल्या तर ढिल्या पडून वाजतील. मी म्हणालो, उतरवायच्या कशाला? पाकीट शर्टाच्या खिशात घालून मी जवळजवळ धावतच दवाखान्यात आलो. बायको बाहेर बाकावर बसली होती, तपासून झालं होतं.

"काय म्हणे डॉक्टर?"

"सगळं चांगलं आहे म्हणे. गोळ्या चालू ठेवा म्हणे." मग माझ्या खिशाकडे पाहून म्हणाली, "भेटल्या?"

मी तिला गाडीत मूर्तिजापूरपर्यंत तारांबद्दलच सांगत होतो. ती ऐकत होती.

नव्या तारा काळी चारला सहज चढल्या. माझी छाती फुगली. पुढच्या रविवारी मी जाड तार छेडली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "घे." तिने पाळण्याची पहिली ओळ घेतली. तिसऱ्या शब्दावर आवाज फाटला. तिने पाणी पिऊन पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच फाटला. "आज गळा बसला," ती म्हणाली. मी म्हणालो, काही हरकत नाही, तारा काही कुठे जात नाहीत.

असे किती रविवार गेले मी मोजले नाहीत. ती ज्येष्ठमध चघळायची, गरम पाण्यात हळद घ्यायची, आणि माझ्यासमोर येऊन बसायची. मी तार छेडायचो. ती त्या सुराला जाऊन भिडायची आणि तो तिच्या हातून निसटायचा. कपाळावर घाम यायचा. मी मान हलवून धीर द्यायचो, "आलं, आलं, आज थोडं जास्त गेली." ते खोटं होतं. मला कान आहेत, वीस वर्षं मी त्या आवाजाच्या शेजारी बसलो होतो. कधी कधी मी तारांवरच चिडायचो, पेटी जुनी झाली म्हणायचो, सूर वर सरकला म्हणायचो. एकदाही माझ्या मनात आलं नाही, की खुंटी थोडी सैल करून पाहावी. आलं असेल तर मी ते येऊ दिलं नाही.

जयंती महिन्यावर आली तेव्हा मंडळाच्या दोघी घरी आल्या. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग एक जण कपाकडे पाहत म्हणाली, "ताई, पाळण्याचं कसं करायचं मग? आमच्या सुनेनं तयारी करून ठेवली आहे. तुमाले जमत नसन त..."

"जमते," मीच मध्ये म्हणालो. "काहून नाई जमणार?"

बायको कप उचलून आत गेली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी ऑफिसातून मी लवकर सुटलो. चांदूरहून गाडीही वेळेवर मिळाली. घराच्या फाटकातून आत आलो तर पेटी वाजत होती. पोर्चमध्येच थांबलो. ती एकटीच होती आणि सूर शोधत होती. काळी चार दाबली, ओळ घेतली, सोडली. मग पांढरी पाच. तिथेही फाटलं. मग काळी तीन. मग पांढरी चार. प्रत्येक वेळी ती मध्ये थोडी थांबायची, मग बोट एक पायरी खाली यायचं. पांढरी तीनला ती आली आणि तिने पाळण्याचं पहिलं कडवं म्हटलं. पुरं म्हटलं. आवाज पूर्वीचा नव्हता, जाड होता, वर कुठेच जात नव्हता, पण एकदाही फाटला नाही. मग दुसरं कडवं. मी आत जायला पाहिजे होतं. जाऊन म्हणायला पाहिजे होतं, की हेच म्हण, हे चांगलं आहे. त्याऐवजी मी फाटक आवाज न करता लावलं, कोपऱ्यावरच्या टपरीवर गेलो आणि दोन चहा पिऊन नेहमीच्या वेळेला घरी आलो. इतका भेकड मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

रविवारी ती आंघोळीला गेली तेव्हा मी गुपचूप तारा उतरवल्या. पांढरी तीनपर्यंत आणल्या. तार छेडली तर ती ढिली पडून दांड्यावर आपटायला लागली, सुराऐवजी नुसती खडखड. दुकानदाराने सांगितलं होतं तसंच झालं. मी पुन्हा थोडी चढवली, पुन्हा उतरवली. ती केस पुसत बाहेर आली आणि दारात उभी राहिली.

"खाली आणल्या?"

"नाई," मी म्हणालो. "आपोआपच उतरल्या. नव्या तारा उतरतात."

ती टॉवेल दोरीवर टाकायला निघून गेली.

पुढच्या तपासणीला आम्ही अकोल्याला गेलो. या वेळी नंबर लवकर लागला आणि मीही आत बसलो. डॉक्टरांनी गळा पाहिला, ठीक आहे म्हणाले. बाहेर आल्यावर मी म्हणालो, तू थांब, मी जठारपेठेत जाऊन येतो. ती म्हणाली, "मीबी येते." मी म्हणालो, ऊन आहे. ती ऑटोत बसलीसुद्धा.

दुकानदाराने मला ओळखलं. "काय भाऊ, तुटल्या?"

"तुटल्या नाई," मी म्हणालो. बायको बाजूलाच उभी होती. "एक जरा जाड सेट दाखवा. अन् तो पयलेवाला बारीकबी एक देऊन द्या. राहू द्या घरी. आवाज वर गेला म्हंजे..."

"बारीक नको," बायको म्हणाली.

दुकानदार माझ्याकडे पाहायला लागला. मी तिच्याकडे.

"यायले नका इचारू," ती त्याला म्हणाली. "आवाज माहा आहे. पांढरी तीनले कोणत्या लागतात, त्या द्या."

"पांढरी तीन?" दुकानदार खूश झाला. त्याला काय माहीत. "मग त काईच नाई करा लागत, ताई. गिटार बनतेच पांढरी तीनवर. जाड तार नुसती सोडून वाजवली का तुमचा सा. पंचमाले शेजारच्या तारेवर दांड्याच्या दुसऱ्या पडद्यावर बोट ठेवा म्हणा भाऊले, झालं. साधा सेट लावा. ओढातान नाई, तुटणं नाई." त्याने पन्नासचा सेट काढून काउंटरवर ठेवला. किती सोपं होतं ते. मी कपाटातल्या बासऱ्यांकडे पाहत उभा राहिलो.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अजून सहा महिने त पाहू. डॉक्टर काई म्हणाले का, की वरचा आवाज येणारच नाई?"

"म्हणाले."

"कधी?"

"मागच्या खेपीले. तुमी तारा आणाले गेले होते तवा."

जठारपेठेच्या रस्त्यावर रहदारी चालू होती. आम्ही एका चपलांच्या दुकानाच्या सावलीला उभे राहिलो.

"मंग सांगतलं काहून नाई मले?"

"किती खुशीत आले होते तुमी ते पाकीट घेऊन," ती म्हणाली. "गाडीत बोलूच देत नव्हते मले." मग म्हणाली, "अन् मले वाटलं, तुमी एवढे ओढून राहिले, त पाहावं जाऊन. काय सांगता, लागलाच सूर एखाद्या वेळेस त."

मला तिची माफी मागायची होती. तेवढे रविवार मी तिला त्या सुराखाली उभं केलं होतं आणि ती आपल्या पायांनी येऊन उभी राहत होती, हे सगळं मला एकदम दिसलं. तोंडातून निघालं ते एवढंच, "जयंतीले म्हणशीन ना मंग?"

"म्हणीन." तिने पदराने मान पुसली. गळ्यावरची टाक्यांची रेघ आता बरीच फिकी झाली आहे. "पण मंडळाले माह्यासंगं पांढरी तीनवर या लागन. त्यायचीबी सवय काळी चारची आहे. तुमी जाऊन सांगा त्यायले."

"तूच सांग ना. तुह्या मैत्रिणी त आहेत."

"तुमीच सांगा," ती म्हणाली. "मले सांगता सांगता रडू येईन."

मी होकार दिला. गाडीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मंडळाच्या बायांना नेमकं काय सांगायचं, ते वाक्य मी बडनेऱ्यापर्यंत मनात जुळवत होतो. पाळणा या वर्षी थोडा खालून म्हणायचा, असं म्हणून पाहिलं. मग 'या वर्षी' काढून टाकलं.